दोन माणसांचं इंजिन

आमच्या सोसायटीत एक म्हण रूढ झाली आहे. कोजागिरीला येणार का, सहलीला येणार का, असं कोणी विचारलं आणि धड हो म्हणायचं नसलं, की बायका म्हणतात, "इंजिनाला विचारून सांगते." खालच्या मजल्यावरच्या गुजराती शेजारणीसुद्धा म्हणतात, "एंजिनने पूछीने कहुं." परवा नव्याने राहायला आलेल्या एका सुनेने मला विचारलं, हे इंजिन म्हणजे नवरा का हो मावशी? मी म्हटलं, तसंच काहीसं. ज्यांची ही म्हण, त्या प्रभावहिनींना जाऊन आता दीड वर्ष होईल.

कारेलीबागेत त्या आमच्या समोरच्या दारात वीस वर्षं राहिल्या. त्यांचे यजमान वसंतभाऊ एका कारखान्यात फोरमन होते. बडोद्याच्या मराठी माणसाला आजोबांच्या गायकवाडी नोकरीचा फार अभिमान. भाऊंच्या आजोबांनी तर नोकरीबरोबर सावली गावाच्या रस्त्यावर सहा विघे जमीनही मागे ठेवली होती. ती पडीकच होती. तिच्याकडे ढुंकून न पाहणारे भाऊ निवृत्त झाले आणि दुसऱ्या महिन्यात तिथे जाऊन राहिले. वहिनी सहा महिन्यांनी गेल्या, कारण नागरवाड्यात राहणाऱ्या त्यांच्या मोठ्या बहिणीच्या, माईंच्या, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचे होते. वहिनींची आई लवकर गेली. माईंनीच त्यांना वाढवलं आणि स्वतः लग्न केलं नाही. वहिनींनाही मूलबाळ नव्हतं. म्हणजे हक्काचं माणूस म्हणून मागे काय राहिलं होतं, तर माई.

"जाते दोन-चार वर्षं," वहिनी मला म्हणाल्या होत्या. "यांची हौस फिटली की येऊच परत." अकरा वर्षं झाली तरी हौस फिटली नाही.

शेतावर गेल्यावर वहिनींचा सगळा अवतारच बदलला. साडीवर भाऊंचा कारखान्यातला लांब बाह्यांचा निळा सदरा, डोक्याला पंचा, पायात गमबूट. उंची जेमतेम पाच फूट. मी स्कूटरवरून फाटकाशी पोचले की लाकडांच्या ढिगामागून आवाज यायचा, "नंदा, थांब तिथेच. सासूबाई उन्हाला बसल्यात." सासूबाई म्हणजे घोरपड. ढिगामागच्या बिळात राहायची, चांगली हातभर लांब. वहिनींचं म्हणणं, खऱ्या सासूबाई भेटल्या नाहीत त्याची भरपाई देवाने केली, आणि ही बरी, स्वयंपाकाला नावं ठेवत नाही.

घरात गॅस होता. पण भाऊंना अंघोळीचं पाणी बंबातलंच लागे आणि भाकरी चुलीवरचीच. तेव्हा लाकडं फोडायची वहिनींनी. इथे बांधाबांधावर गांडो बावळ माजलेला असतो, म्हणजे वेडी बाभूळ. तो तोडून, वाळवून, जातीप्रमाणे रचून ठेवलेला ढीग हे वहिनींचं खरं राज्य. बाभळीचा निखारा टिकतो, कडुनिंब डोळ्यांत पाणी आणतो, आणि शेवगा म्हणजे नुसता गप्पिष्ट, भसाभस पेटतो आणि शिजवत काही नाही. ढिगातलं लाकूड उचलण्याआधी त्या त्यावर काठीने टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "उठा पाहुणे, स्वयंपाकाची वेळ झाली." मग विंचू, सरडा, बेडूक, जो कोणी असेल तो निघून जायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले. तितक्यात एक भलीमोठी धामण सावकाश निघाली आणि माझ्या स्कूटरखालून गेली. त्यानंतर मी हसले नाही.

भाऊंबद्दल तक्रार नव्हती असं नाही. ती वहिनी या लाकडांना ऐकवायच्या. कुऱ्हाड घातली की एकेक वाक्य. "म्हणे ताजी हवा." धप. "म्हणे मातीची ओढ." धप. भाऊ ओसरीवर चहा पीत हसत असायचे. गोड माणूस होता, हे मला कबूल करावंच लागतं. आवाज सुरेल, हात मोकळा, कधी पेरूंची पिशवी दिल्याशिवाय सोडलं नाही. त्यांना एकच व्यसन होतं, जुनी यंत्रं. पत्र्याच्या शेडमध्ये भंगारातून आणलेली कडबा कापायची कुट्टी, ट्रॅक्टर नसलेली ट्रॉली, तीन फवारे, त्यांतला एकही न फवारणारा. आणि या सगळ्यांचं दैवत म्हणजे विहिरीवरचं डिझेल इंजिन.

शेतीच्या विजेसाठी सातबाऱ्यावरच्या सगळ्या चुलतभावांच्या सह्या लागत होत्या आणि त्यांतला एक अमेरिकेत होता. त्यामुळे पाणी काढायला हे इंजिनच. जुनं, हाताने हँडल मारून सुरू करायचं. त्याच्या डोक्यावर एक कळ असते. ती वर धरली की जड चाक हलकं फिरतं. हँडल मारून चाकाला पुरेसा वेग आला की कळ सोडायची, की धडधडत इंजिन पकडतं. लवकर सोडली तर चाक अडतं, उशीर झाला तर हँडल मारणाऱ्याचा दम जातो. भाऊ हँडल मारायचे, वहिनी कळ धरायच्या. भाऊ ओरडायचे, "सोड!" पण वहिनींनी ती त्याआधीच सोडलेली असायची. त्यांना ते चाकाच्या आवाजावरून कळायचं.

"हे दोन माणसांचं इंजिन आहे," भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "एकट्याचं काम नव्हे." गावातल्या कोणाला तरी संध्याकाळपुरतं लावा, असं वहिनींनी एकदा सुचवलं, तर म्हणाले, परक्या हाताला हे चालत नाही.

विहिरीला पाणी कमी. सकाळी तासभर उपसलं की ती दिवसभर भरत राहायची आणि चारला पुन्हा तासभर. म्हणजे वहिनींना मोकळीक दहा ते चार. "जगाची ऑफिसची वेळ, ती माझी सुटीची वेळ," त्या म्हणायच्या. त्या वेळात बस पकडून शहरात यायचं, लहरीपुऱ्यात पंपाचा पट्टा किंवा वॉशर घ्यायचा, तिथल्या दुकानदाराशी नंबरावरून हुज्जत घालायची (तो त्यांना पाहिल्यावर बाकीची गिऱ्हाइकं बाजूला सारून "आवो बेन, शुं तूट्युं?", आज काय तुटलं, असं विचारायचा), मग नागरवाड्यात माईंकडे तासभर टेकायचं आणि घड्याळाकडे बघत उठायचं. माई दर वेळी एकच मागायच्या. "प्रभा, एक रात्र राहा ना गं. रात्री दोघी पडल्या पडल्या बोलू." वहिनी म्हणायच्या, "इंजिनाला विचारून सांगते." सुरुवातीला दोघी हसायच्या. पुढे पुढे माई हसायच्या नाहीत.

मी त्यांच्यावर चिडायची. मी गणिताच्या शिकवण्या घेते, मला न सुटणारं उदाहरण सहन होत नाही. "एक संध्याकाळ पाणी नाही दिलं तर काय आकाश कोसळणार आहे?" मी म्हणायची. त्या म्हणायच्या, "भाजी सुकते गं. आणि यांचा चेहरा सुकतो."

एकदा कुट्टीच्या तोंडात दयाळ पक्ष्याने घरटं केलं. आत चार अंडी. भाऊंना कुट्टी चालवायची होती, म्हशीला कडबा कापून हवा होता. एरवी कशालाही नाही न म्हणणाऱ्या वहिनी कुट्टीसमोर पाट टाकून बसल्या. "पिल्लं उडेपर्यंत याला हात लावायचा नाही." आणि जवळजवळ महिनाभर म्हशीचा सगळा कडबा विळ्याने, हाताने कापला. बोटांना पट्ट्या बांधलेल्या. भाऊ मुकाट बसले. मी आले तेव्हा वहिनी मला घरट्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, आई आत्ता येईल बघ. मला त्यांचं कौतुक वाटलं आणि संतापही आला. पाखरासाठी या बाईला यंत्र बंद ठेवता येतं, स्वतःसाठी मात्र येत नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "पाखराला कोणी नाही. मला हे आहेत."

आठव्या की नवव्या वर्षी एकदा योग जुळून आला होता. भाऊ स्वतःहून म्हणाले, जा, एक रात्र राहून ये, एक संध्याकाळ बुडेल तर बुडेल. वहिनींनी पिशवी भरली. माईंनी नागरवाड्यात खरवस केला. मी स्कूटर घेऊन वहिनींना न्यायला गेले. पावसाचे दिवस, विश्वामित्रीला पूर येऊन गेलेला. पाहते तर फाटकाशी गावातले चारजण, आणि वहिनी लाकडांच्या ढिगावर चढून हातात बांबू घेऊन बसलेल्या. गुरांना पाणी पाजायच्या हौदात मगर शिरली होती. चार-साडेचार फुटांची, फक्त डोळे वर. बडोद्याच्या आसपास हे नवं नाही. मगर पकडणाऱ्या स्वयंसेवकांना फोन गेला होता, पण त्या दिवशी त्यांना अशीच पाच-सहा बोलावणी होती. म्हैस खुंट्याला, भाऊ शेडमध्ये दार लावून, आणि मगरीवर लक्ष ठेवायला वहिनी.

"तुम्ही का?" मी विचारलं.

"यांना भीती वाटते. कोणाला सांगू नकोस."

ते लोक आले तोवर संध्याकाळ व्हायला आली होती. त्यांनी दोरी टाकली, पोत्याने डोळे झाकले, मगर पिंजऱ्यात घातली आणि टेंपोत चढवली. म्हणाले, नदीला नेऊन सोडू. वहिनी खाली उतरल्या. गुडघे आखडलेले. टेंपो वळेपर्यंत त्या पाहत राहिल्या.

"बघ नंदा," त्या म्हणाल्या. "तिला तरी कोणी न्यायला आलं."

मी म्हटलं, अहो, मीही न्यायलाच आलेय, चला. पण हौद घाण झाला होता, तो उपसून भरायला हवा होता, आणि त्यासाठी इंजिन लावायला हवं होतं. खरवसाचा डबा दुसऱ्या दिवशी मीच पोचवला. ती रात्र पुन्हा आली नाही. आज-उद्या करत राहिली.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत माई आजारी पडल्या. छातीत कफ, अंगात ताकद नाही. वहिनी आठवड्यातून तीनदा येऊ लागल्या, पण दहा ते चारच. शेवटच्या भेटीत माईंनी त्यांचा हात धरून ठेवला. तीन वाजले होते. वहिनींनी तो हळूच सोडवला. मी तिथेच होते. "उद्या येते लवकर," असं म्हणून त्या गेल्या.

माई त्याच दिवशी साडेचारला गेल्या. खालच्या भाडेकरूने मला बोलावलं. मी वहिनींना फोन लावला, नऊ वेळा. तो ओसरीतल्या खुंटीला पिशवीत वाजत राहिला आणि त्या विहिरीवर होत्या. इंजिन चालू असलं की त्या शेतात शेजारी उभ्या माणसाची हाकसुद्धा ऐकू येत नाही. त्यांनी फोन पाहिला साडेपाचला. येऊन माईंच्या उशाशी बसल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मी कळ सोडली तेव्हा चारच वाजले होते ना गं? म्हणजे तेव्हा होती ती." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

वर्षभराने भाऊंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं आणि त्यांची खाट ओसरीवर टाकली, विहीर दिसेल अशी. तोवर शेत वाळत चाललं होतं. वहिनींनी गावातल्या रमणभाईला बोलावलं. तो इंजिनं दुरुस्त करतो. मी त्या दिवशी शहरातून औषधं घेऊन गेले होते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं.

वहिनी सवयीने पुढे झाल्या आणि कळीवर हात ठेवला. रमणभाई म्हणाला, "माशी, तमे खसो ने." मावशी, बाजूला व्हा म्हणाला. मग डाव्या हाताने कळ धरली, उजव्या हाताने हँडल चार-पाच वेळा फिरवलं, कळ सोडली. इंजिन लागलं.

वहिनींनी कळीकडे पाहिलं. मग त्याला खुणेने म्हणाल्या, बंद कर. आवाज थांबला.

"रमणभाई, आ तो बे माणसनुं एंजिन छे ने?" हे तर दोन माणसांचं इंजिन ना, असं त्यांनी विचारलं.

"ना रे माशी," तो हात पुसत म्हणाला. "तमे न्होतां आव्यां त्यारे छ महिना काका एकला ज चलावता'ता. में ज शीखव्युं'तुं."

वहिनी यायच्या आधी सहा महिने भाऊ एकटेच ते चालवत होते. त्यानेच त्यांना शिकवलं होतं. त्या बिचाऱ्याला आपण काय बोलून गेलो याची कल्पना नव्हती. मी ओसरीकडे पाहिलं. भाऊंनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. जीभ गेली होती, कान शाबूत होते.

वहिनींनी पदर खोचला आणि हँडल हातात घेतलं. रमणभाई म्हणाला, झटका लागेल, जपून. पहिल्या खेपेला चाक अडलं. दुसऱ्या खेपेला इंजिन लागलं. कळ कधी सोडायची ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यांनी ते बंद केलं. पुन्हा सुरू केलं. पुन्हा बंद केलं. सदरा घामाने भिजला होता. मग ओसरीवर आल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, "एकट्याला करमत नाही, एवढंच सांगायचं होतं ना. मी राहिलेच असते. माईकडे चार रात्री जाऊन आले असते आणि राहिले असते."

भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनींनी ते पंच्याने पुसलं, ओठाच्या कडेची लाळही पुसली, आणि औषधाची वेळ झाली म्हणून पाणी आणायला आत गेल्या. माझा मात्र संताप संताप झाला. त्या लुळ्या माणसाला गदागदा हलवावं असं मला वाटलं, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही. अकरा वर्षं! आपल्याला एकटेपणाची भीती वाटते हे बायकोजवळ कबूल करायचं सोडून माणसाने ती जबाबदारी लोखंडावर टाकावी आणि आपण गाणी म्हणत फिरावं?

त्यानंतर इंजिन वहिनींच्या ताब्यात आलं, पण त्या काही सुटल्या नाहीत. आता भाऊंना कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, सगळं त्यांच्यावर. मी हट्टाला पेटले. रमणभाईची बायको सविताबेन चार दिवस घरी राहायला तयार झाली, इंजिन रमणभाई बघणार होता. मी वहिनींना स्कूटरवर बसवून कारेलीबागेत माझ्या घरी आणलं.

पहिला दिवस त्यांनी झोपूनच काढला. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, कुठे जायचं सांगा, नाटक, देऊळ, बाजार, म्हणाल तिथे नेते. त्या विचार करत राहिल्या. जायचं असं एकच ठिकाण होतं आणि तिथे आता दुसरी माणसं राहत होती. दुपारी गॅलरीत बसल्या. संध्याकाळी तिथेच बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर त्यांची पिशवी भरलेली.

"मला पोचव," त्या म्हणाल्या.

मी खूप बोलले. त्या माणसाने तुम्हाला फसवलं, तुमची बहीण हिरावली, आणि तुम्हाला दोन दिवस त्याच्याशिवाय निघत नाहीत? नको नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तसं नाही गं," त्या म्हणाल्या. "तिथे असले की मला दिवसभर राग येतो. भरवताना येतो, धुताना येतो. बरं वाटतं. इथे तुझ्या घरी सगळी चांगली माणसं. राग यायला कोणी नाही. मग नुसती माईच आठवत राहते. ते मला झेपत नाही."

मी स्कूटरची किल्ली घेतली.

त्यानंतर दोन महिन्यांनी वहिनींना ताप आला. तो अंगावर काढला, आणि पाच दिवसांत त्या गेल्या. भाऊंना पुतण्या आणंदला घेऊन गेला. मी तेव्हा गावाला होते, मला शेवटचं दर्शन झालं नाही. म्हणून माझ्या डोळ्यांपुढे येतात त्या वहिनी, मी त्यांना पोचवलं त्या सकाळच्याच.

मी फाटकाशी स्कूटर उभी केली. त्या उतरल्या, पिशवी घेतली, निरोपाचं "आवजो" म्हणाल्या. ओसरीवर सविताबेन भाऊंना चमच्याने पेज भरवत होती. भाऊंनी मान वळवली. वहिनींना पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून कसाबसा आवाज निघाला. "प... प्र..." वहिनी फाटकाच्या बाहेरच उभ्या राहिल्या. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी सांगणार तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. त्यांना ऐकू येत होतं. आत भाऊंनी पुन्हा हाक मारली, मग पुन्हा, दर वेळी जरा मोठ्याने. सविताबेन चमचा हातात धरून आमच्याकडे पाहत होती. वहिनी रस्त्यावर उभं राहून त्या हाका मोजल्यासारख्या ऐकत होत्या. मग त्यांनी हात लांब करून फाटकाची कडी काढली, आत गेल्या, आणि ती आतून लावून घेतली.